सोबतीची मूठ

एकोडीत आता जिकडेतिकडे त्या पिशव्या दिसतात. पांढऱ्या, जाड विणीच्या, दहा किलोच्या. वर हिरव्या अक्षरांत 'एकोडी बियाणे' आणि खाली धानाची एक वाकलेली लोंबी. कुणी ती सायकलच्या सीटवर चढवली आहे, कुणी गोठ्याच्या फुटक्या कुडात कोंबली आहे. पावसात शाळेतली पोरं तिची एक शिवण उसवून डोक्यावर घेतात. एवढ्या कामांना आलेल्या त्या पिशवीत बियाणं मात्र एकदाही भरलं गेलं नाही.

या पिशव्या साकोलीहून छापून आणल्या रत्नमाला रामटेकेने. त्यावरची लोंबी तिच्या मुलीने, रीनाने, शाळेच्या वहीत काढली होती. पिशव्या गावात आल्या त्या दिवशी बायांनी त्या हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिल्या. लोंबी सगळ्यांना आवडली. अगदी आपल्या धानाच्या बांधीतली वाटते, असं सगळ्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

रत्नमालेचं माहेर बपेऱ्याचं. बाप वांगी पिकवायचा आणि बाजारात टोपली घेऊन बसायचा; शेजारी पाचसात वर्षांची रत्नमाला. व्यापारी यायचा, एक वांगं उचलायचा, दाबायचा, भाव सांगायचा. बाप मान हलवायचा. तिने त्याला कधी तोंडाने भाव सांगताना ऐकलं नाही. घरी परतताना मात्र तो वाटभर बोलत असे: असं म्हणायला पाहिजे होतं, तसं म्हणायला पाहिजे होतं. बारावी होऊन ती एकोडीला सून म्हणून आली, प्रफुल्लची बायको झाली. तो ट्रक चालवायचा आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचा. घरी सासू पंचफुलाबाई आणि तलावाखालची दीड एकराची बांधी. पुढे गावोगाव कृषी सखी नेमल्या जाऊ लागल्या, तेव्हा साकोलीच्या प्रशिक्षणात नाव द्यायला एकोडीतून ती एकटीच गेली. बापाची ती हलणारी मान तिच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती.

शिकून आली, पण ऐकायला कोणी नव्हतं. पहिली दोन वर्षं ती घरोघर फिरली. मिठाच्या पाण्यात बी टाका, पोचट वर येईल. रोपं दोरी लावून रोवा. लोक 'हो हो' म्हणत आणि आपल्या मनासारखं करत. गाडं हाललं ते चंद्रभागाबाईंमुळे. त्या गावातल्या जुन्या, मोठ्या शेतकरी घरातल्या. पासष्टीच्या, बोलायला कमी, पण त्यांनी एकदा काही केलं की चार घरं तसं करत. त्यांनी एका वर्षी एका कोपऱ्यात दोरी लावून रोवणी केली, कापणीला तो कोपरा पाहिला, आणि निरोप धाडला, 'बैठक माझ्या ओसरीवर घे.'

मग दर मंगळवारी चंद्रभागाबाईंच्या ओसरीवर चौदा बाया बसू लागल्या. चहा व्हायचा. पहिल्या वर्षी रत्नमालेचा कप निराळा असे, कडेला टवका उडालेला. तो बाकीच्या कपांत केव्हा मिसळला ते कोणी पाहिलं नाही. तिने पाहिलं होतं, पण ती कधी बोलली नाही.

ती जे शिकवायची त्यात बायांना सगळ्यांत आवडायचं ते विकणं. त्यासाठी चंद्रभागाबाईंचे मालक देवाजी व्यापारी व्हायचे. खांद्यावर दुपट्टा टाकून ऐटीत यायचे, पोत्यात हात घालायचे, धान हुंगायचे, तोंड वाकडं करायचे.

"ह्यात तर बहुत ओल हाये वो बाई."

"ओल नाई. बारा टक्के हाये. यंत्रानं मोजली," कुंताबाई पाठ केलेलं म्हणायची.

"यंत्र कोणाचं, तुह्या नवऱ्याचं?"

"नाई, तुमच्या बायकोचं."

ओसरी हसून लोटपोट व्हायची. चंद्रभागाबाईसुद्धा पदर तोंडाला लावायच्या. रत्नमाला हसता हसता प्रत्येक वेळी तेच सांगायची, "आपला माल आहे. तो द्यायचा का नाही, कसा द्यायचा, ते आपण ठरवायचं. दुसऱ्यानं नाही."

बैठकीच्या सहाव्या वर्षी नागपूरच्या एका बियाणे कंपनीशी करार झाला. गावातल्या धानाच्या चौदाच्या चौदा बांध्या, सगळ्या तलावाखालच्या, एकमेकींना लागून. त्यात कंपनीचं मूळ बियाणं पेरायचं, शुद्ध राखायचं, आणि निघालेलं धान तांदळासाठी नव्हे तर बियाण्यासाठी द्यायचं. पहिल्या वर्षी माल तपासणीत उतरला, तर पुढच्या वर्षीपासून पिशवीवर गावाचं नाव राहील, असं कंपनीच्या धनंजयने सांगितलं. हा क्षेत्र तपासणारा तरुण मुलगा, लाखनीकडचा, रत्नमालेला ताई म्हणायचा. रत्नमालेने घाई केली, पिशव्या आधीच छापल्या. चौदा घरं तिच्या शब्दावर एका कामाला लागली होती. हे एकदा उतरलं की तिला कोणाच्या दारात जाऊन सांगावं लागणार नव्हतं, आणि उतरलं नाही तर पुन्हा कोणी ऐकणार नव्हतं. दोन्ही गोष्टी तिला ठाऊक होत्या.

तिने काही बाकी ठेवलं नाही. दोन वाणांत अंतर किती ठेवायचं ते पायांनी मोजून दिलं. पऱ्ह्यांचं, म्हणजे रोपांचं, बी टाकायच्या आधी वाफ्यातली जुनी उगवण नांगरून मारायला लावली. मळणी यंत्र आतून झाडून कसं घ्यायचं, तेही आधीच दाखवलं. वहीत सोळा पानं भरली होती, आणि त्या सोळा पानांत मुठीचा शब्द कुठे नव्हता.

मूठ म्हणजे अशी. एकोडीत बाहेरचं बियाणं एकटं पेरत नाहीत. नवी नवरी सासरी निघाली की सोबत पाठराखीण जाते, तसं नव्या बियाण्यासोबत घरचं धान जातं, प्रत्येक पिशवीत एक मूठ. त्या धानाला नाव नाही. घरचं धान म्हणतात. सालीला लालसर झाक, लोंबीला बोटभर लांब कुसळ. कापणीच्या आधी बाया बांधीतून फिरतात, कुसळवाल्या वीसेक लोंब्या खुडतात, जुडी करून दाराच्या चौकटीला टांगतात. पुढच्या ज्येष्ठात तीच जुडी चोळून मूठ होते. साठवणीचं असं ते धान नाहीच. एका वर्षाच्या बांधीतून दुसऱ्या वर्षाच्या बांधीत, असंच ते कोण जाणे किती पिढ्या चालत आलं. जुन्या घरांत ते आहे आणि छप्पन साली दीक्षा घेऊन ज्यांनी देव्हारे काढून टाकले त्या रामटेक्यांसारख्या घरांतही आहे. पंचफुलाबाई म्हणायच्या, "हे देवाचं नाई. हे धानाचं हाये."

धानाची बांधी म्हटली की चार कुसळवाल्या लोंब्या असायच्याच, जसा कडेचा धुरा, म्हणजे बांध असतो, जसा बगळा असतो. त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. लोंब्या बाहेर पडेपर्यंत ते रोप बाकीच्यांसारखंच दिसतं.

लोंब्या बाहेर पडल्या आणि पंधरा दिवसांनी धनंजय तपासणीला आला. धुऱ्यावर उभा राहिला, वाकला, एक लोंबी हातात घेतली.

"ताई, ही कुसळवाली कुठून आली?"

"ती तर असतेच सर," रत्नमाला म्हणाली.

"असतेच म्हणजे?"

"दरवर्षी असते. घरचं धान आहे ते."

तिने हे अगदी सहज सांगितलं. मग त्याने गाडीच्या डिकीतून ती छापलेली पिशवी काढली. रत्नमालेनेच कौतुकाने त्याला एक दिली होती. त्याने पिशवीवरच्या लोंबीवर बोट ठेवलं. रीनाने प्रत्येक दाण्याला लांब, बारीक कुसळ काढलं होतं.

"आपल्या वाणाला कुसळ नसते, ताई."

त्या वेळी रत्नमालेला कळलं. पायाखालचा चिखल थंड आहे हेही तिला तेव्हाच जाणवलं.

त्याने चार ठिकाणी मोजणी केली. हजार लोंब्यांत दोन चालतात. इथे पाच निघत होत्या, कुठे सहा. चौदाही बांध्यांत तेच. दहा किलोत एक मूठ म्हणजे तेवढंच भरतं. त्याने आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्या दिवसांत हे एकूण एक धान मुळासकट उपटून बांधीबाहेर काढायचं. करार एक आहे, माल एक आहे. एक बांधी राहिली तर चौदाही गेल्या.

घरी आल्यावर तिने सासूला विचारलं, "आत्या, यंदा आपली मूठ टाकली होती का?"

पंचफुलाबाई लसूण सोलत होत्या. "मी कुठं? माहा हात दुखून राहिला होता. तूच टाकली ना."

आणि तिला आठवलं. पिशवी उघडून, पाण्यात मीठ कालवून, त्यात अंडं तरंगतं की नाही ते नीट पाहून, बी निथळून झाल्यावर चौकटीची जुडी काढली होती. दोन्ही तळव्यांत चोळली होती. सगळं शास्त्राप्रमाणे झाल्यावर हाताने आपलं शेवटचं काम केलं होतं, आणि डोक्याला ते कळलंही नव्हतं.

संध्याकाळी मंगळवार नसताना बैठक बसली. तिने सगळं सांगितलं. मग देवाजी खाटेवरून म्हणाले, "म्हंजे आमच्या घरच्या धानाले तू भेसळ म्हणून राहिली."

"मी नाई म्हणत काका. कागद म्हणते."

"कागदानं कोणाले जेवू घातलं आजवर?"

"चूक माझी आहे," रत्नमाला म्हणाली. "मी सांगायला पाहिजे होतं. मला सुचलंच नाही. मी पण टाकली."

"तू पण टाकली?" कुंताबाईने विचारलं.

"हो."

"मंग मास्तरीणच नापास," देवाजी म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही.

तेरा बाया उपटायला तयार झाल्या. खुशीने नाही, पण तीन महिने कंबर मोडली होती, ते वाया जाऊ द्यायला जीव होत नव्हता. चंद्रभागाबाई सगळ्यांत शेवटी बोलल्या.

"सहा वर्षं तू सांगतलं ते केलं मी. ज्येष्ठात सांगतली असती तर मूठही टाकली नसती, नाराजीनं का होईना. पण आता ते धान दुधात आलं हाये, रत्नमाला. पोटुशी बाईले कोणी घराबाहेर काढते का? मी नाई उपटणार."

"काकू, एका बांधीपायी चौदाही जातील."

"माहीत हाये मले. त्यात माही पण जाईन."

आठ दिवस तेरा बाया गुडघाभर चिखलात रांगेने चालल्या. एक एक रोप धरायचं, मूळ सैल करायचं, आजूबाजूचं न मोडता ओढायचं. दाणे अजून कोवळे होते. बोटांत चिरडले की पांढरं दूध निघायचं आणि वाळून बोटं चिकट व्हायची. रोवणीला गाणाऱ्या बाया आता मुकाट चालत होत्या. शकुबाई पहिल्या दिवशी प्रत्येक रोपाला हात लावून कपाळाला लावायची, तिसऱ्या दिवशी तिनेही ते सोडलं. धुऱ्यावर हिरव्या धानाचे ढीग पडले. ते बैलांनाही कोणी घातले नाहीत.

चौथ्या दिवशी पंचफुलाबाई काठी टेकत बांधीवर आल्या. मग म्हणाल्या, "एक ठेव."

रत्नमालेने मान वर केली नाही.

"धुऱ्याजवळचं एक ठेव, रत्नमाला. आडोशाचं. कोणाले दिसत नाई. पुढच्या साली पाच दाणे तरी टाकू."

तांत्रिकदृष्ट्या एक रोप चाललं असतं. हजारात दोन चालतात. पण ती शिकवणारी होती, आणि तिचीच बांधी सगळ्यांत स्वच्छ पाहिजे होती. बाकीच्या बारा जणी तिच्या हाताकडे पाहत होत्या. तिने धुऱ्याजवळचं ते रोप धरलं, मूळ सैल केलं आणि ओढलं. पंचफुलाबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं. एक दाणा नखाने दाबला. दूध आलं.

"याचं तर बी पण नाई होणार," असं म्हणून त्यांनी रोप ढिगावर ठेवलं, टाकलं नाही, आणि काठी टेकत घरी गेल्या. त्या वर्षी घराच्या चौकटीला जुडी लागली नाही. तेरा घरांच्या चौकटी तशाच राहिल्या.

आठव्या दिवशी पहाट फुटताना रत्नमाला चंद्रभागाबाईंच्या बांधीवर उभी होती. रोज सांजेला ती त्यांच्या ओसरीवर जाऊन एकच विचारायची, रोज एकच उत्तर मिळायचं. आता आसपास कोणी नव्हतं. दव पडलं होतं आणि कुसळांवर थेंब अडकल्याने ती रोपं बाकीच्यांतून नीट वेगळी दिसत होती, जणू कोणी खूण करून ठेवल्यासारखी. एकटीने चार तास उपटलं असतं तरी मोजणी दोनच्या आत आली असती. तिने एक पाय आत घातला. पोटरीपर्यंत चिखलात गेला.

आपला माल आहे, आपण ठरवायचं. सहा वर्षं तिने चंद्रभागाबाईंच्याच ओसरीवर दुसरं काय सांगितलं होतं?

तिने पाय काढून घेतला, तलावावर धुतला, आणि घरी जाऊन धनंजयची वाट पाहिली.

तेरा बांध्या उतरल्या. रत्नमालेच्या बांधीत तर हजारात एकही निघाली नाही. धनंजयने तसं वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. चौदाव्या बांधीत पाच निघाल्या. तिने तेरा वेगळ्या धरता येतील का विचारलं. त्याने तिच्यासमोर नागपूरला फोन लावला, बराच वेळ ऐकलं, दोनदा 'हो सर' म्हटलं आणि फोन खिशात ठेवला.

"पुढच्या वर्षी पाहू, ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून तिला समजलं की पुढच्या वर्षी या वाटेला कोणी येणार नाही.

धान नेहमीसारखं कापलं गेलं, नेहमीसारखं मळलं गेलं आणि इतर सगळ्या धानासोबत गेलं. कोणी रत्नमालेशी भांडलं नाही. कोणी भांडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पुढच्या मंगळवारी ओसरीवर पाच जणी आल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी दोघी. मग चंद्रभागाबाईंच्या ओसरीवर पोती रचलेली दिसू लागली आणि तिथे बसायला जागा नाही हे सगळ्यांना आपोआप समजलं. कृषी सखी म्हणून तिचं नाव कागदावर आहे. महिन्यातून दोनदा ती शेजारच्या गावांत जाते. तिथे ती आता वही उघडायच्या आधी विचारते, "बी घरी आणल्यापासून पेरेपर्यंत तुम्ही त्याचं काय काय करता? सगळं सांगा." त्या गावांतल्या बाया भराभर सांगतात. एकोडीत विचारायला कोणी समोर बसत नाही.

यंदा ज्येष्ठ लागला. तिने साकोलीच्या दुकानातून साधी बियाण्याची पिशवी आणली. पंचफुलाबाई आता फारशा उठत नाहीत. त्यांनी खाटेवरून पिशवी पाहिली, मग रिकामी चौकट पाहिली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

तीन दिवस पिशवी तशीच पडून होती. चौथ्या दिवशी सकाळी रत्नमाला चंद्रभागाबाईंच्या दारात गेली. अख्ख्या एकोडीत घरचं धान आता त्या एका घरात होतं.

चंद्रभागाबाई सुपात काही पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "येऊन राहिली होय. मले वाटलं, येतेस का नाई."

"काकू, आत्यासाठी एक मूठ..."

"माहीत हाये कायले आली ते. जुड्या यंदा जास्तीच्या बांधल्या होत्या मी, बारा जणी येऊन गेल्या. तूच राहिली होती."

बारा जणी. रत्नमाला मोजत राहिली: कुंताबाई, शकुबाई, तिच्या हाताकडे पाहून उपटणाऱ्या सगळ्या. कोणी तिला कळू दिलं नव्हतं.

चंद्रभागाबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा मूठ मिटलेली होती. रत्नमालेने ओंजळ पुढे केली. चंद्रभागाबाई वाकल्या आणि धान ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर ठेवलं.

"मूठ हातात देत नसतेत," त्या म्हणाल्या.

असेल तसं. मूठ यंदापर्यंत कोणी कोणाकडे मागितलीच नव्हती, मग ती कशी द्यायची असते हे रत्नमालेला कुठून माहीत असणार? त्या बारा जणींना कशी दिली होती, हे विचारावंसं तिला वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. कोपऱ्यातल्या पोत्यांवर चहाचे कप पालथे घातले होते. त्यात कडेला टवका उडालेला तोही होता.

ती खाली बसली आणि दाणे वेचू लागली. कुसळं बोटांना टोचत होती. काही दाणे सारवणाच्या भेगेत गेले होते, ते तिने नखाने उकरून काढले.

"मोजून घे बाई," देवाजी खाटेवरून म्हणाले. "हजारात किती भरते ते पाह्य."

"गप राहा," चंद्रभागाबाई त्यांना म्हणाल्या. मग रत्नमालेला म्हणाल्या, "भिंतीजवळ एक राहिला."

रत्नमालेने तो उचलला. पदराच्या टोकात सगळे बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि तलावाच्या वर्दळीच्या वाटेने न जाता मागच्या गल्लीने घरी गेली.